एका वाक्याचं तिकीट

रावेतहून कंपनीची बस सकाळी पाच पस्तीसला निघते. त्या बसमध्ये सगळ्यात आधी रंगराव टेकाळे चढायचे. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीकडची जागा त्यांची. तशी ती कुणाच्या नावावर नव्हती, पण आठ वर्षांत तिथे दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. डब्याची पिशवी पायाशी, मांडीवर लांबट वही, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. चाकणच्या औद्योगिक भागातली त्यांची कंपनी मोटारींच्या ब्रेकचे भाग बनवते. आकुर्डी, निगडी, तळवडे, म्हाळुंगे असे थांबे घेत तिथे पोचायला पन्नास मिनिटं लागतात.

कंपनीच्या बसला तिकीट नसतं. या बसला होतं आणि ते रंगरावांनी लावलेलं होतं. घरी जाताना ते एक इंग्रजी शब्द सांगत. आधी उच्चार, तो दोनदा सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचा. मग अर्थ. मग एक वाक्य. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढणाऱ्याने त्या शब्दाचं आपलं वाक्य म्हणायचं आणि बसायचं. वाक्य आलं नाही तर पुढच्या थांब्यापर्यंत उभं राहायचं. बसमध्ये सीट चाळीस आणि माणसं त्रेचाळीस होती, त्यामुळे तिघांना तसंही उभं राहावं लागे. वाक्य न आलेले त्या कामी येत. “तिकीट काढलं का?” असं भिवा ड्रायव्हरसुद्धा आरशातून विचारायचा. वीसबावीस जण तिकीट काढत. बाकीचे टोपी डोळ्यांवर ओढून झोपत, त्यांना माफी होती.

गेटच्या आत रंगराव ग्राइंडिंग लाइनवरचे ऑपरेटर होते. सुपरवायझर त्यांना ‘टेकाळे’ म्हणायचा आणि वीस वर्षांनी लहान इंजिनिअर ‘काका’. बसमध्ये मात्र ते ‘सर’ होते. जाताना पन्नास मिनिटं, येताना पन्नास मिनिटं. दिवसाच्या चोवीस तासांत त्यांना या शंभर मिनिटांची सगळ्यात जास्त काळजी असे.

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातून ते एकविसाव्या वर्षी भोसरीत आले, तेव्हा बारावीला इंग्रजीत तीन गुणांनी नापास झाल्याची गुणपत्रिका त्यांच्या पेटीत होती. ऑक्टोबरला बसून पास झाले, पण ते तीन गुण त्यांच्या डोक्यातून गेले नाहीत. निगडीच्या फुटपाथवर त्यांनी एक जुना शब्दकोश घेतला. कव्हर नसलेला, प्रत्येक शब्दाला उच्चार, अर्थ आणि वाक्य देणारा. त्यातल्या वाक्यांत एक राजा वारंवार येई. राजा उदार होता. राजाने सिंहाचा पाठलाग केला. राजाने प्रधानाचा सल्ला धुडकावला. रंगराव हीच वाक्यं वहीत उतरवत आणि हीच बसमध्ये सांगत. वाक्यं बिनचूक होती. त्यांच्या मते वाक्याला आणखी काही असावं लागत नव्हतं.

त्यांचं अक्षर हा त्यांचा दुसरा अभिमान. इंग्रजी ‘वाय’ची शेपटी ते शब्दाखालून ओढत पार पहिल्या अक्षराखाली नेत. कोणी वाक्य कागदावर लिहून आणलं आणि ते बरोबर निघालं, तर खाली उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने बरोबरची खूण आणि तारीख टाकत. ‘शाब्बास’ वगैरे ते कधी लिहीत नसत.

जयमाला या बसमध्ये दोन वर्षांपूर्वी आली. तळवड्याच्या शेतकरी घरातली सून, वय तेहतीस, शिक्षण दहावी, काम फायनल इन्स्पेक्शनला. पहिल्या दिवशी तिला वाक्य आलं नाही. तळवड्यापासून म्हाळुंग्यापर्यंत ती उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी रंगराव म्हणाले, “बस बाई, नवीन आहेस.”

“न्हाई सर,” ती म्हणाली. “उभं ऱ्हायल्यावर शब्द टिकतोय.”

तिचं इंग्रजी अक्षर कोंबडीचे पाय होते. रंगरावांनी तिला आपली तिसरी वही दिली आणि सांगितलं, हे बघून गिरव. तिने सहा महिने गिरवलं. रंगरावांना तेव्हा तिचं कौतुक होतं. तिचं पहिलं बिनचूक वाक्य त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं होतं, तारखेसह. विद्यार्थ्याचं वाक्य आपल्या वहीत घेण्याची ती एकच वेळ.

बिनसलं ते ‘रिलक्टंट’ या शब्दावर. उच्चार झाला, अर्थ झाला: मनातून तयार नसलेला, नाखूश. रंगरावांचं वाक्य होतं, “द किंग वॉज रिलक्टंट टु गो टु वॉर.” राजा युद्धाला जायला नाखूश होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी राजाच्या जागी मामा, मेहुणा, सुपरवायझर असे घालून तिकिटं काढली. तळवड्याला जयमाला चढली. दांडा धरून तिने भिवाकडे पाहिलं आणि म्हणाली, “भिवाभाऊ इज रिलक्टंट टु ओपन हिज टिफिन.”

भिवा डबा कुणासमोर उघडत नाही, हे सगळ्या बसला माहीत होतं. बस अशी हसली की मागचे झोपलेले उठले.

“अगं, काय म्हनली ही?” भिवाने आरशातून विचारलं.

“तुझा डबा तुला उघडू वाटत न्हाई म्हणती,” निगडीचा रणजीत म्हणाला. तो मूळचा कराडचा, बसमधला बोलका माणूस.

“मंग खरंच हाय की! कारल्याची भाजी हाय रोज. ती काय दाखवायची?”

आणखी हसू. ‘रिलक्टंट’ हा शब्द त्या दिवशी लाइनवर पोचला, कॅन्टीनमध्ये पोचला. शिळी चपाती दिसली तरी पोरं म्हणू लागली, आय ॲम रिलक्टंट. रंगरावांनी आठ वर्षांत सांगितलेला एकही शब्द बसच्या बाहेर इतका फिरला नव्हता. ते हसले नव्हते. त्यांनी फक्त “करेक्ट” म्हटलं आणि पुढचा थांबा येईपर्यंत वहीत बघत राहिले.

त्यानंतर ते मोजू लागले. बायका बसमध्ये डावीकडे पुढे बसतात. जयमालाची जागा दुसऱ्या ओळीत, रंगरावांच्या तिरकस मागे. शब्द ते सांगत तोपर्यंत माना उजवीकडे असत. त्यांचं वाक्य संपलं की माना डावीकडे वळत. सगळे तिच्या वाक्याची वाट बघत. किती माना वळल्या, हे ते खिडकीच्या काचेत मोजत. आठ. मग अकरा. एका सोमवारी सोळा.

त्यांनी उपाय केले. अवघड शब्द काढले. तिने त्यांचीही वाक्यं केली. उच्चारात खोट काढून तिला उभं केलं. ती उभी राहिली, आणि उभ्याउभ्या बाकीच्यांची वाक्यं जुळवून देऊ लागली. एकदा रणजीत सरळ म्हणाला, “सर, उच्चार आन अर्थ तुमचा. वाक्य तेवढं ताईकडं द्या राव. तुमचा राजा लय दमलाय.”

बस हसली. जयमाला हसली नाही. “सरांच्या राजामुळंच आमाला इंग्रजी यायला लागलं,” ती म्हणाली.

हे वाक्य रंगरावांना सगळ्यात जास्त लागलं. तिने टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं.

घरी त्यांच्या पत्नी सुमन यांनी एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, “ही जयमाला कोण हाय?”

“बसमधली एक. का?”

“रोज तिचंच नाव काढायलाव म्हणून.”

“मी कशाला काढू?”

“काल ती कुठं चुकली ते सांगत होताव. परवा ती लई शहाणपणा करायली म्हणून सांगत होताव. आज काय केलं तिनं?”

“काही नाही,” रंगराव म्हणाले. ते खरं होतं. त्या दिवशी तिची रजा होती आणि दिवस चांगला गेला होता.

मार्च महिन्यात कंपनीत सुरक्षेची तपासणी झाली. बसमध्ये एकही माणूस उभा चालणार नाही, असं ठरलं. कंपनीत दोन गट आहेत, ए आणि बी. एक आठवडा ए गट पहिल्या शिफ्टला असतो आणि बी दुसऱ्या, पुढच्या आठवड्यात उलट. रावेतच्या मार्गावर ए गटात त्रेचाळीस माणसं होती आणि बी गटात चौतीस. तीन माणसं तिकडे हलवली की प्रश्न मिटणार होता. प्रत्येक बसला एक प्रतिनिधी असतो. हजेरी ठेवणं, सीट बघणं ही त्याची कामं. ए गटाचे प्रतिनिधी रंगराव होते. टाइम ऑफिसमधल्या दिग्विजयने त्यांच्या हातात छापील कागद दिला. वर तीन ओळी, प्रत्येक ओळीत नाव आणि कारण.

“लोकांना विचारून घ्या काका,” दिग्विजय म्हणाला. “मागाहून तक्रार नको.”

दोन जण आपणहून तयार झाले. त्यांचे भाऊ बी गटात होते. तिसऱ्या ओळीसाठी रंगरावांनी कोणालाच विचारलं नाही. कॅन्टीनच्या टेबलावर बसून त्यांनी निळ्या पेनाने जयमालाचं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात, वरच्या दोघांसारखंच, इंग्रजीत ‘व्हॉलंटरी’ असं लिहिलं. स्वेच्छेने. हा शब्द त्यांनी आठ महिन्यांपूर्वी बसमध्ये शिकवला होता. राजाने वनवास स्वेच्छेने पत्करला, असं वाक्य होतं. सवयीने त्यांनी वायची शेपटी शब्दाखालून ओढत पहिल्या अक्षरापर्यंत नेली.

टाइम ऑफिसने तोच कागद जसाच्या तसा गुरुवारी बोर्डावर लावला.

शनिवारी परतीच्या बसमध्ये जयमाला त्यांच्या सीटजवळ आली. “सर, माझं नाव बी गटात गेलंय.”

“हो, पाहिलं मी.”

“मी तर कुनाला बोलले न्हवते.”

“वरून आलं असेल.”

“तुमी वरती जरा सांगून बगता का?”

“आता यादी लागली. यादी लागल्यावर कोणी ऐकत नाही.”

“व्हय,” ती म्हणाली. “बरं सर.” आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशीचा शब्द होता ‘पर्मनंट’. तिने वहीत उतरवून घेतला.

सोमवारी सगळ्या माना उजवीकडे होत्या. रंगरावांनी शनिवारच्या शब्दाची उजळणी घेतली, राजाचं वाक्य पुन्हा सांगितलं. निगडीच्या चौघांनी तिकिटं काढली, बाकीच्यांनी राजाच्या जागी मामा घातला. कोणी हसलं नाही. तळवड्याला दोन माणसं चढली आणि झोपली. रंगरावांच्या मते वर्ग शिस्तीत झाला.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. तीस वर्षं कंपनीच्या बसमधून फिरणाऱ्या माणसाच्या लक्षात यायला हवी होती. दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन बस पावणेतीनला कंपनीत येते, अर्धा तास थांबते आणि पहिल्या शिफ्टची माणसं घेऊन परत जाते. बस एकच असते. जयमाला गेली होती दुसऱ्या गटात. सीट त्याच होत्या.

सव्वातीनला रंगराव बसमध्ये चढले तर त्यांच्या पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर, एक पांढरं स्टिकर होतं. फायनल इन्स्पेक्शनला लेबल चुकीचं छापलं की फेकून देतात, त्यातलं. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं: ‘तिकीट.’ खाली ‘पर्मनंट’ हा शब्द, उच्चार, अर्थ आणि वाक्य: ‘रणजीतभाऊज लीव्ह ॲप्लिकेशन इज पर्मनंट.’ वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा तुकडा.

रणजीतने मोठ्याने वाचलं आणि स्वतःच सगळ्यात आधी हसला. “बघा राव! माणूस न्हाई तर कागद टोचतोय. माझा रजेचा अर्ज कायम असतो म्हणती.”

“तिला तिकीट काढायची गरज नव्हती,” रंगराव म्हणाले. “ती आता या वर्गात नाही.”

“सर, ती म्हणती, शब्द शनिवारी घेतला, तर तिकीट सोमवारी लागतंय. मला फोन करून आजचा बी शब्द इचारणाराय.”

ती रोज एक स्टिकर लावू लागली. मग बी गटातले इतरही लावू लागले. आतापर्यंत त्यांची बस ही झोपेची बस होती. ए गटाची पोरं खाली उत्तरं लिहू लागली. दुसऱ्या आठवड्यात शिफ्ट उलटली, तरी कागदांचं येणंजाणं थांबलं नाही. सीटच्या पाठी भरल्या. पूर्वी वीस जण तिकीट काढत होते, आता दोन्ही गट मिळून पन्नासेक. परतताना रंगराव शब्द सांगत तेव्हा पोरं सीटच्या पाठी वाचत असत. आपली जागा वाचवायला त्यांनी तिला बाहेर काढलं होतं. आता ती चाळीस सीटवर बसली होती.

एका दुपारी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी सहा स्टिकरं ओरबाडून काढली. सातव्याला हात घातला तेव्हा भिवा खिडकीशी उभा होता.

“सर, गाडी माजी हाय. मी कागद काढत न्हाई, तर तुमी का काढताय?”

“घाण दिसते.”

“एवढ्या वर्षांत पोरांनी सीटवर तंबाखू पुसली, तवा न्हाई दिसली घाण ती?” भिवा म्हणाला आणि टायरला लाथ मारून हवा बघायला निघून गेला. सहा कागद रंगरावांच्या मुठीत राहिले. ते त्यांनी डब्याच्या पिशवीत घातले. घरी गेल्यावर एकेक उलगडून लाल पेन हातात घेऊन त्यांनी चुका शोधल्या. सहांपैकी जयमालाची दोन होती. त्या दोनांत चूक नव्हती.

एप्रिलच्या बावीस तारखेला रंगरावांच्या पुढच्या पत्र्यावर नवं स्टिकर आलं. रणजीतने नेहमीप्रमाणे वाचायला सुरुवात केली आणि थांबला. “हा तर जुना शब्द हाय. व्हॉलंटरी. कालचा शब्द येगळा होता की, सर?”

स्टिकरवर लिहिलं होतं: ‘अनिता इज लीव्हिंग हर जॉब ऑन द थर्टिएथ. इट इज नॉट व्हॉलंटरी.’ अनिता तीस तारखेला नोकरी सोडते आहे. स्वेच्छेने नाही.

“अनिता म्हणजे?” मागून कोणीतरी विचारलं.

“जयमालाची जाऊ,” भिवा म्हणाला. तो तळवड्याच्या शेजारचाच. “प्याकिंगला हाय, बी गटात. घरी म्हातारी हाय, तानाबाई. खुब्याचं हाड मोडल्यापून तिला एकटीला उठता येत न्हाई. ह्या दोगी आलटून पालटून असायच्या. एक कामाला, तर एक घरी. आता दोगी एकाच शिफ्टला आल्यात. म्हातारीपाशी कोन बसनार? एकीला सोडावं लागंल. अनिता धाकटी, मंग तिनंच सोडायचं.”

“मग सांगायचं ना ऑफिसला,” रणजीत म्हणाला.

“सांगितलं की. ते म्हनले, बाई, कागदावर तुमी सोताच्या मर्जीनं गेलाय म्हून लिवलंय.”

त्या दिवशी रंगरावांनी शब्द सांगितला नाही.

घरी जाऊन त्यांनी कपाटातली पाचवी वही काढली. काय शोधायचं ते त्यांना माहीत होतं; ते फक्त आपली आठवण चुकीची निघावी म्हणून बघत होते. चौदा ऑगस्ट. शब्द ‘अल्टरनेट’, अर्थ एकाआड एक. राजाच्या वाक्याखाली दुसऱ्याचं एक वाक्य उतरवलेलं, लाल खूण आणि तारीख: ‘माय सिस्टर-इन-लॉ अँड आय वर्क ऑन अल्टरनेट शिफ्ट्स.’ माझी जाऊ आणि मी एकाआड एक शिफ्टला असतो. जयमालाचं पहिलं बिनचूक वाक्य. त्यांनी ते व्याकरणासाठी तपासलं होतं. अर्थही त्यांना तेव्हाच कळला होता.

“जेवायचं का?” सुमननी विचारलं.

“नको वाटायलंय.”

“आज तिनं काय केलं?”

“तिनं नाही,” रंगराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते टाइम ऑफिसला गेले. दिग्विजय मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, “बोला काका.”

“जयमालाचं नाव परत ए गटात घ्यायचंय.”

“तिने स्वतः मागितलं होतं ना? यादीत लिहिलंय.”

“ते मी लिहिलं.”

“तिला विचारून?”

“नाही.”

दिग्विजयने यादी पुढे ओढली. “का पण?”

आठ वर्षं दुसऱ्यांकडून वाक्यं वसूल करणाऱ्या रंगरावांकडे या प्रश्नाला एकही वाक्य नव्हतं. “चूक झाली,” ते म्हणाले.

“काका, सीट चाळीस आहेत. ए गटात आता बरोबर चाळीस माणसं. ती आत आली तर एकाला बाहेर जावं लागेल. शोधा कोणीतरी आणि या.”

रंगरावांनी दोन दिवस शोधलं. कोणी तयार नव्हतं. कुणाची मुलं, कुणाचा क्लास, कुणाचा दुसऱ्या वेळेचा धंदा. शुक्रवारी ते परत ऑफिसात गेले, कोरा कागद घेतला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी तोच शब्द लिहिला. या वेळी शेपटी ओढली नाही.

“मग ए गटाचा प्रतिनिधी कोण?” दिग्विजयने विचारलं. “जयमाला कशी राहील? हजेरी लिहायची असते रोज.”

“अक्षर बरं आहे तिचं,” रंगराव म्हणाले.

पुढच्या सोमवारी बी गट पहिल्या शिफ्टला होता. रंगराव नेहमीसारखे रावेतला चढले, आपल्या जागेवर बसले. आकुर्डीला चढलेल्या एकाने त्यांना खांद्याला हात लावून सांगितलं, “काका, ही माझी जागा.” ते उठून मागे गेले. कुणी तिकीट मागितलं नाही. इथे वाक्यं स्टिकरवर चालत, तोंडाने नाही. सकाळी बस झोपेचीच होती.

पावणेतीनला ए गटाची माणसं उतरत होती आणि रंगराव जरा लवकर सुटून रांगेत उभे होते. रणजीतने उतरता उतरता त्यांना मिठी मारल्यासारखं केलं. “सर, तुम्ही तिकडं कुठं गेला राव? आमी पोरकी झालो.” त्याच्या मागे जयमाला होती. हातात हजेरीची वही.

“अनिताचं काय झालं?” रंगरावांनी विचारलं.

“ऱ्हायली कामाला. राजीनामा माघारी घेतला.” ती बाजूला झाली, मागच्यांना वाट दिली. मग हळू आवाजात म्हणाली, “सर, बोर्डावर कागद लागला त्याच दिवशी मी वळखलं व्हतं. असा वाय आख्ख्या कंपनीत दोगंच काढत्यात. एक तुमी, एक मी. आन मी तर लिवला न्हवता.”

“मग शनिवारी मला कशाला विचारलंस?”

“म्हनलं, सर सोताहून सांगतील.”

ती दोन पावलं गेली आणि वळली. “कागद मागं लावलाय. शेवटून तिसरी सीट. तिथं बसला असाल म्हनून.”

स्टिकर तिथेच होतं. ‘ॲक्युरेट’, उच्चार, अर्थ: बिनचूक. वाक्याच्या जागी ओळ कोरी होती आणि कंसात लिहिलं होतं, ‘सर’. तळवडे मागे गेलं तरी रंगराव त्या ओळीकडे बघत होते. शब्दकोशातलं वाक्य त्यांना पाठ होतं. निगडीचा उड्डाणपूल आला तेव्हा त्यांनी निळं पेन काढलं आणि लिहिलं: ‘द किंग्ज सेंटेन्सेस वेअर ॲक्युरेट, बट नोबडी लाफ्ड.’ राजाची वाक्यं बिनचूक होती, पण कोणी हसलं नाही. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टिकर जागेवर होतं. खाली उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने बरोबरची खूण होती आणि तारीख. ‘शाब्बास’ वगैरे काही नव्हतं. रंगरावांनी ती खूण बराच वेळ पाहिली. आवडली नाही. पण नखाने सुटू लागलेली कड त्यांनी अंगठ्याने दाबून परत बसवली.

घरी पोचतात तोवर, चहाच्या सुट्टीतून रणजीतचा फोन. “सर, बस लय हसली राव काल! भिवानं दोनदा वाचायला लावलं.”

“तिचं वाक्य काय होतं त्या शब्दावर?”

रणजीतने सांगितलं. भिवाच्या घड्याळाबद्दल काहीतरी होतं.

“त्याला किती हसले?”

“आता ते काय मोजलं न्हाई मी, सर.”

“अंदाजे?”

“सर, चहा संपला, बेल झाली,” रणजीत म्हणाला आणि फोन ठेवला.

रंगरावांनी हातपाय धुतले, कव्हर नसलेला शब्दकोश घेतला आणि शेवटच्या पानांपासून अवघड शब्द शोधायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये, डावीकडच्या दुसऱ्या ओळीत, जयमालाच्या सीटपुढे त्यांनी पहिलं स्टिकर लावलं. शब्द चार तुकड्यांत म्हणावा लागे असा लांब होता, उच्चार अवघड. अर्थ लिहिला. वाक्यासाठी ओळ कोरी ठेवली आणि ती जराशी आखूडच ठेवली.